गोव्यात मधले सहा-सात तास: बाहेर पडायचे कसे आणि वेळेत परतायचे कसे

सकाळी दहाला दाबोळीला उतरायचे, संध्याकाळी पाचला पुढचे विमान. मध्ये सात तास. तेवढ्यात पणजी, जुने गोवे, मंगेशी आणि जमले तर कळंगुट, असा बेत ठरतो. प्रत्यक्षात अर्धी पणजी पाहून होते आणि उरलेला वेळ टॅक्सीत घड्याळ बघण्यात जातो. असे वारंवार होते, कारण लोक तिकिटावरचे तास मोजतात, हाती उरणारे मोजत नाहीत. दुसरी चूक त्याहून साधी: गोवा नकाशात लहान दिसतो, म्हणून कुठूनही कुठे अर्ध्या तासात पोचू असे गृहीत धरले जाते.

खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत. पहिले तीन प्रवासाला निघण्याआधी, घरी बसून.

## टप्पा १: कुठे उतरणार आणि कुठून निघणार, हे वाचा

गोव्यात दोन विमानतळ आहेत. दाबोळी मुरगाव तालुक्यात, वास्कोजवळ. मोपा पेडणे तालुक्यात, सिंधुदुर्गाच्या हद्दीपासून जवळ. तिकीट काढताना दोन्हींसमोर ‘गोवा’ दिसते. खरा फरक तीन अक्षरांच्या संकेतात असतो. दाबोळीचा जीओआय, मोपाचा जीओएक्स. मोपाचे अधिकृत नाव मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ असे आहे, त्यामुळे ‘मोपा’ हा शब्द तिकिटावर सापडला नाही तरी गोंधळू नका. दोन्हींमधले अंतर रस्त्याने सुमारे ६० किलोमीटर. मोकळ्या रस्त्याला दीड तास, गर्दीच्या वेळी दोन.

रेल्वेचेही तसेच. कोकण रेल्वेवर उत्तरेकडून येताना पेडणे, थिवी, करमळी आणि मडगाव ही कामाची स्थानके लागतात. थिवी म्हापशाला जवळ, करमळी जुन्या गोव्याला जवळ, मडगाव दक्षिणेला. पुणे, मिरज, बेळगावकडून गोवा एक्स्प्रेसने येणारे लोंढ्यामार्गे मडगावला येतात आणि तीच गाडी पुढे वास्कोला जाते. सगळ्या गाड्या सगळीकडे थांबत नाहीत. मुंबईहून येणारी वंदे भारत थिवीला थांबते, करमळीला नाही.

इथे एक गोष्ट फार कमी लोक वापरतात. मुंबईकडे जाणारी गाडी आधी मडगावला असते, मग करमळीला आणि मग थिवीला. पणजी किंवा जुने गोवे पाहून परत जायचे असेल आणि तुमची गाडी करमळीला थांबत असेल, तर मडगावपर्यंत ३३ किलोमीटर उलटे जाण्यात अर्थ नाही. पणजीहून करमळी सुमारे १२ किलोमीटर आहे, आणि गाडी तिथे मडगावनंतर येत असल्याने तेवढी मिनिटेही जास्त मिळतात.

सावधान: त्यासाठी बोर्डिंग स्थानक आधीच बदलून घ्यावे लागते. मडगावचे तिकीट घेऊन परस्पर करमळीला चढलात, तर तुमची जागा दुसऱ्याला दिली गेलेली असू शकते.

तपासा: येण्याचे आणि जाण्याचे ठिकाण एकच आहे की दोन? दोन असतील (मोपाला उतरून दाबोळीहून उड्डाण, किंवा थिवीला उतरून दाबोळीहून उड्डाण) तर पणजी वाटेवरच पडते. जाण्या-येण्यात दोनदा वेळ जात नाही. असा मधला वेळ सर्वांत चांगला वापरता येतो, फक्त सामान सोबत बाळगावे लागते.

## टप्पा २: सुटण्याच्या वेळेपासून उलटे मोजा

कागद घ्या आणि वरून खाली न लिहिता खालून वर लिहा. दाबोळीहून १७:०० च्या देशांतर्गत विमानाचे उदाहरण घेऊ.

१. विमान सुटणार १७:०० ला. बहुतेक कंपन्यांचा सामान घेण्याचा काउंटर देशांतर्गत विमानासाठी एक तास आधी, म्हणजे १६:०० ला बंद होतो.

२. सामान द्यायचे आहे, म्हणून विमानतळावर १५:०० ला पोचायचे.

३. पणजी ते दाबोळी सुमारे २७ किलोमीटर. एक तास धरा. निघायची वेळ १४:००.

४. वाटेत अडकण्यासाठी अर्धा तास राखीव. निघायची वेळ १३:३०.

आता वरची बाजू. विमान १०:०० ला उतरले. पट्ट्यावरून बॅग यायला आणि बाहेर पडायला ४० मिनिटे, पणजीला जायला एक तास. पोचलात ११:४० ला.

सात तासांतून पणजीत मिळाले १ तास ५० मिनिटे.

तेच गणित फक्त हातातल्या बॅगेसह आणि वेब चेक-इन करून मांडा. बाहेर १०:१५ ला, पणजीत ११:१५ ला. परत विमानतळावर दीड तास आधी पोचले तरी चालते, म्हणून पणजीहून १४:०० ला निघायचे. आता हातात २ तास ४५ मिनिटे. एका बॅगेची किंमत जवळजवळ एक तास आहे. आंतरराष्ट्रीय विमान असेल तर पोचण्याची वेळ तीन तास आधीची धरा. मग सात तासांचा मधला वेळ पणजीसाठी पुरत नाही, आणि ते मान्य करावे.

रेल्वेसाठी स्थानकावर अर्धा तास आधी पोचणे पुरेसे. पण येणारी गाडी उशिरा आली तर कापला जाणारा वेळ तुमच्या फिरण्यातलाच असतो. पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेगळे वेळापत्रक लागू होते. गाड्यांचा वेग कमी ठेवला जातो आणि काही गाड्या मडगावहून नेहमीपेक्षा लवकर सुटतात. जुन्या तिकिटावरची वेळ डोक्यात ठेवून निघू नका.

सावधान: दोन तिकिटे वेगवेगळी काढलेली असतील (एक गाडीचे, एक विमानाचे, किंवा दोन वेगळ्या कंपन्यांची) तर पहिले उशिरा आल्यामुळे दुसरे चुकल्यास कोणी भरपाई देत नाही. अशा वेळी राखीव वेळ अर्ध्या तासाऐवजी एक तास ठेवा.

तपासा: उलट मोजणीनंतर हातात दीड तासापेक्षा कमी उरत असेल, तर लांब जाऊच नका. जवळचे काय, ते टप्पा ४ मध्ये आहे.

## टप्पा ३: सामान, वार आणि मोसम

मडगाव स्थानकावर क्लोकरूम आहे. रेल्वेच्या क्लोकरूममध्ये कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत आणि तिकीट दाखवावे लागते. कापडी पिशवी, सैल बांधलेली बोचकी, चेन तुटलेली सॅक परत दिली जाते. म्हणून छोटे कुलूप घरूनच घ्या. लहान स्थानकांवर अशी सोय असेलच असे धरून चालू नका. विमानतळावर सामान ठेवायचे असेल तर आदल्या दिवशी विमानतळाच्या नंबरवर विचारा. उतरल्यावर शोधत बसलात तर अर्धा तास तिथेच जातो.

दुसरा मार्ग म्हणजे अर्ध्या दिवसासाठी एकच टॅक्सी ठरवून सामान डिकीत ठेवणे. वेगळ्या ठिकाणी उतरून वेगळ्या ठिकाणाहून निघणाऱ्यांना हाच मार्ग बरा. गाडीचा क्रमांक आणि चालकाचा फोन लिहून घ्या. लॅपटॉप, औषधे, दागिने, ओळखपत्र अंगाबरोबरच ठेवा.

वाराचा विचार लोक करतच नाहीत, आणि मग बंद दारांसमोर उभे राहतात:

- शुक्रवारी जुन्या गोव्यातले पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय बंद असते. म्हापशाचा मोठा बाजार मात्र शुक्रवारीच भरतो.
- रविवारी पणजी आणि मडगावच्या बाजारातली बहुतेक दुकाने बंद. चर्चमध्ये सकाळी प्रार्थना असतात. जुन्या गोव्यातली बॉं जेझूस बॅसिलिका पर्यटकांना रविवारी साडेदहाच्या सुमारास खुली होते.
- सोमवारी बोगमाळो रस्त्यावरचे नौदलाचे विमान संग्रहालय बंद.
- रोज दुपारी एक ते साडेतीन-चार पणजीतली बरीच दुकाने बंद असतात. ही इथली जुनी रीत आहे. मॉल नव्हे, बाजार बघायचा असेल तर सकाळ किंवा संध्याकाळ धरा.

काही दिवस सरळ टाळा. ३ डिसेंबरला सेंट फ्रान्सिस झेवियरचे फेस्त असते आणि त्याआधी नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे रोजच्या प्रार्थना. जुन्या गोव्यात वाहन सोडणे अवघड होते. कार्निव्हलच्या शनिवारी पणजीत आणि शिगम्याच्या मिरवणुकांच्या दिवशी त्या त्या शहरात दुपारपासून रस्ते बंद केले जातात.

## टप्पा ४: एकच टापू निवडा

इथे मन घट्ट करावे लागते. मधल्या वेळेत एकच टापू. पणजी आणि कळंगुट, किंवा जुने गोवे आणि कोलवा, अशा जोड्या जुळत नाहीत, कारण प्रत्येक जोडीत दीड-दोन तास रस्त्यावरच जातात. टापू आवडीवरून ठरवू नका, उतरण्याच्या ठिकाणावरून ठरवा.

दाबोळी, हातात दीड-दोन तास: बोगमाळो किनारा चार-पाच किलोमीटरवर आहे. वाटेत नौदलाचे विमान संग्रहालय लागते. लहान मुले बरोबर असतील तर तेच आधी घ्या. मधला वेळ चार-साडेचार तासांचा असेल तर याच्या पलीकडे जाऊ नका.

दाबोळी, हातात अडीच तासांहून जास्त: झुआरी पूल ओलांडून पणजी. नवा पूल झाल्यापासून कुठ्ठाळी-आगशीची जुनी कोंडी बरीच सुटली आहे, तरी संध्याकाळी कचेऱ्या सुटण्याच्या वेळी वीस मिनिटे जास्त धरा.

मोपा: पणजी सुमारे ३५ किलोमीटर. म्हापशापर्यंत रस्ता मोकळा असतो, अडचण पणजीच्या अलीकडे पर्वरीत येते. उड्डाणपुलाचे काम चालू असेल तर तिथे वळणे असतात, म्हणून एका बाजूला सव्वा तास धरा. तेवढा वेळ नसेल तर पेडणे गावात भगवती देवीचे मंदिर बघा. दारातले दोन दगडी हत्ती जवळून पाहण्यासारखे आहेत. शुक्रवार असेल तर म्हापशाचा बाजार. हरमल, मोरजी हे किनारे अंतराने फार लांब नाहीत, पण शेवटचा रस्ता अरुंद आहे आणि परतताना टॅक्सी मिळण्याची खात्री नसते. सावंतवाडीचा मोती तलाव आणि लाकडी खेळण्यांचा बाजारही मोपापासून जवळ पडतो. मात्र राज्याची हद्द ओलांडायची असल्याने टॅक्सीवाल्याला आधीच तसे सांगून, त्याच्याकडे परवाना आहे का ते विचारून घ्या.

करमळी: जुने गोवे. दुसरा विचार नको. बॅसिलिका अडीच-तीन किलोमीटरवर.

थिवी: म्हापसा सुमारे दहा किलोमीटर, पणजी वीस. तीन तासांच्या आत म्हापसाच.

मडगाव: गाव आणि कोलव्याचा किनारा. कोकण रेल्वेचे स्थानक आणि कदंबचे (गोव्याच्या सरकारी बससेवेचे) बसस्थानक एकमेकांजवळ नाहीत. एक गावाच्या दक्षिणेला, दुसरे उत्तरेला फातोर्ड्याकडे. स्थानकाबाहेर पडून ‘बस कुठे मिळेल’ म्हणून चालू लागलेले लोक उन्हात तीन-साडेतीन किलोमीटर चालतात. पायलट (मोटारसायकल-टॅक्सी) किंवा रिक्षा करा. हातात दोन तास असतील तर होली स्पिरिट चर्चचा चौक आणि न्यू मार्केट, तीन तास असतील तर त्याऐवजी सहा-सात किलोमीटरवरचा कोलवा. चार तासांपेक्षा जास्त असतील तरच पणजीचा विचार करा.

कळंगुट-बागा मुद्दामच या यादीत नाहीत. अंतर कमी दिसते, पण तिथला रस्ता अरुंद आणि दुपारनंतर भरलेला. परतीच्या वेळेचा अंदाजच बांधता येत नाही, आणि ज्याचा अंदाज बांधता येत नाही ते मधल्या वेळेत घ्यायचे नसते.

## टप्पा ५: वाहन

ओला-उबर गोव्यात चालत नाहीत. विमानतळावर उतरल्यावर ही अॅप उघडून बसण्यात दहा मिनिटे घालवू नका. विमानतळावरचा प्रीपेड टॅक्सीचा काउंटर, गोवा माइल्स हे अॅप, किंवा आधी फोन करून ठरवलेली टॅक्सी, हे तीन पर्याय आहेत. गोवा माइल्स घरीच उतरवून, नोंदणी करून ठेवा. किनारपट्टीवर अॅपची गाडी परतीसाठी मिळेलच असे नाही, म्हणून किनाऱ्यावर जाताना परतीची गाडी ठरवूनच जा.

टॅक्सी ठरवताना चार गोष्टी तोंडी नको, व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या: एकूण भाडे, किती तास, थांबण्याचे वेगळे पैसे आहेत का, आणि शेवटी कुठे सोडणार. ‘एअरपोर्ट’ एवढेच लिहू नका. ‘दाबोळी’ किंवा ‘मोपा’ लिहा.

एकट्या माणसाला कदंबची शटल बस फार सोयीची. पणजी-मडगाव, पणजी-वास्को आणि पणजी-म्हापसा या मार्गांवर ती मध्ये न थांबता जाते. पद्धत अशी: आधी खिडकीवर तिकीट, मग रांग. तिकिटाशिवाय रांगेत उभे राहिलात तर दाराशी जाऊन परत यावे लागते. विमानतळांवरूनही कदंबच्या बसेस सुटतात, पण फेऱ्या ठरावीक असल्याने त्यांची वेळ जुळली तरच त्यांच्यावर बेत बांधा. खाजगी बसेस स्वस्त असतात, मात्र हात दाखवील तिथे थांबतात. जाताना चालतील, परतीला नको.

पायलट म्हणजे मोटारसायकल-टॅक्सी, पिवळ्या-काळ्या रंगाची. करमळी स्थानकापासून जुन्या गोव्यापर्यंत किंवा मडगाव स्थानकापासून बसस्थानकापर्यंत याहून लवकर काही पोचवत नाही. मोठी बॅग असेल तर शक्य नाही. बसण्याआधी भाडे विचारा आणि हेल्मेट मागा.

भाड्याची दुचाकी सहा-सात तासांच्या मधल्या वेळेत घेऊ नये, असे आमचे ठाम मत आहे. अनामत, कागद, गाडीवरचे जुने ओरखडे फोटोत टिपणे, पेट्रोल, परत देणे, यात पाऊण ते एक तास जातो. तरीही घ्यायचीच असेल तर काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच घ्या. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी भाड्याने देणे बेकायदा आहे. पोलिसांनी अडवले की तुमचा वेळ आणि पैसे दोन्ही जातात.

## टप्पा ६: पणजी, दीड तासात, चालत

सुरुवात पाटोवरच्या कदंब बसस्थानकापासून करा. टॅक्सीनेही तिथेच उतरा. शहराच्या आतले रस्ते एकेरी आहेत, गाडीतून बघायला गेलात तर फेरेच जास्त होतात.

१. ओरें खाडी ओलांडून फोंतेन्यास या जुन्या वस्तीत (३५ मिनिटे). खाडीच्या कडेने चालत सेंट सेबॅस्टियन चॅपेलपर्यंत या, तिथून ३१ जानेवारी रस्त्याने आणि त्याच्या आतल्या गल्ल्यांतून उत्तरेकडे. सकाळी नऊच्या आत किंवा चारनंतर ऊन सुसह्य असते.

सावधान: ही राहती घरे आहेत. पायरीवर बसून, खिडकीला टेकून, दार अडवून फोटो काढल्याचा इथल्या लोकांना खरोखर त्रास होतो. जिथे फोटो नको अशी पाटी आहे तिथे कॅमेरा खाली ठेवा. हळू बोला.

२. चर्च चौक (१५ मिनिटे). साओ तोमेच्या भागातून पश्चिमेला वळलात की निष्कलंक गर्भसंभव चर्चच्या पायऱ्यांसमोर येता. समोरच्या पालिका उद्यानात बसायला सावली आहे.

३. महालक्ष्मी मंदिर (१५ मिनिटे). दादा वैद्य रस्त्यावर, चौकापासून चालण्याच्या अंतरावर. देवळात जायचे असेल तर गुडघ्याखालचे कपडे हवेत.

४. नदीकाठ (२५ मिनिटे). मांडवीकडे उतरा. जुने सचिवालय, त्याच्या बाजूला आबे फारियाचा पुतळा, आणि तिथून नदीकाठाने पुन्हा पाटो.

दीड तासाऐवजी दोन तास असतील तर बेतीच्या फेरीबोटीने पलीकडे जाऊन त्याच बोटीने परत या. चालत जाणाऱ्याला तिकीट नाही. नदीतून पणजी पाहण्याचा हा सर्वांत साधा मार्ग आहे, आणि पैसे देऊन केलेल्या तासाभराच्या जलसफरीपेक्षा मधल्या वेळेला जास्त जुळणारा, कारण तुमचे परतणे तुमच्या हातात राहते.

मिरामार किनारा चार-पाच किलोमीटरवर आहे. तिथे जायचे तर क्रमांक २ आणि ३ सोडा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत समुद्रात उतरू नका. इतर दिवशीही लाल झेंडा असेल तिथे पाण्यात जायचे नाही. मधल्या वेळेत ओले होणे तसेही महागात पडते. ओले कपडे, वाळू भरलेले बूट आणि पुढे विमानातले दोन तास.

## टप्पा ७: जुने गोवे

पणजीहून दहा किलोमीटर. फोंड्याकडे जाणारी बस गांधी सर्कलला थांबते. तिथून सगळे चालत. पाण्याची बाटली आणि टोपी हवीच, कारण दोन वास्तूंमधल्या मोकळ्या मैदानात सावली कमी आहे.

क्रम असा ठेवा: आधी बॉं जेझूस बॅसिलिका (३० मिनिटे), मग रस्ता ओलांडून से कॅथेड्रल आणि त्याच्यामागचे सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीचे चर्च (४० मिनिटे), मग त्याला लागूनच असलेले पुरातत्त्व संग्रहालय (४० मिनिटे, शुक्रवार सोडून). बॅसिलिका आधी घेण्याचे कारण एवढेच की सहलींच्या बसेस दहा-अकराच्या सुमारास येतात आणि मग रांग लागते.

तासभर आणखी असेल तर दोन पर्याय आहेत. मोन्ते सांतोच्या टेकडीवर सेंट ऑगस्टीनचा उभा राहिलेला मनोरा आणि अवशेष; चढ सौम्य आहे. किंवा सेंट कजेतान चर्चवरून व्हाइसरॉयच्या कमानीतून खाली धक्क्यावर जाऊन दिवाडीची फेरीबोट. दिवाडीला उतरून बेटावर फिरू नका. त्याच बोटीने परत या. आम्ही मनोऱ्याला पसंती देऊ, कारण तिथे गर्दी नसते आणि बोटीची वाट पाहण्यात वेळ जात नाही.

खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. बॅसिलिकेत माणसाला उभे करून फोटो काढू देत नाहीत, आणि प्रार्थना चालू असेल तर मागे थांबा.

मंगेशी जोडायचे का? मराठी घरांतून हा प्रश्न हमखास येतो. जुन्या गोव्यापासून मंगेशी फोंड्याच्याच रस्त्यावर तेरा-चौदा किलोमीटर पुढे आहे. टॅक्सी बरोबर असेल आणि एकूण मधला वेळ आठ तासांहून जास्त असेल तर जोडा: जाण्या-येण्याला एक तास, दर्शनाला पाऊण तास. तेवढा वेळ नसेल तर जुने गोवे सोडून फक्त मंगेशी करा. दोन्हीकडे धावत जाऊन दोन्ही अर्धवट बघण्यापेक्षा ते चांगले.

## टप्पा ८: जेवण वेळेत बसवा

गोव्यात काय खायचे ते घड्याळ ठरवते. सकाळी अकराच्या आत भाजी-पाव, मिरची भजी, बन्स. दुपारी साडेबारा ते अडीच शीत-कडी, म्हणजे नुस्त्याची (माशांची) थाळी. रॉस ऑम्लेटचे (रश्श्यातल्या ऑम्लेटचे) गाडे संध्याकाळी लागतात. दुपारी तीनला थाळी मागितली तर बहुतेक ठिकाणी स्वयंपाकघर आवरलेले असते.

थाळीसाठी साडेबाराला बसा. एक वाजता कचेऱ्यांतली माणसे येतात आणि वीस मिनिटे दारात थांबावे लागते. तळलेला मासा वेगळा सांगितलात तर आणखी पंधरा मिनिटे. शाकाहारी असाल तर ‘शिवराक’ विचारा. नुसते ‘मासे नको’ म्हटल्यावर कडीत सुंगटे (कोळंबी) आली अशी तक्रार नंतर करून उपयोग नसतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते, त्या दिवसांत ताज्या मोठ्या माशाचा आग्रह धरू नका.

## टप्पा ९: खरेदी, शेवटच्या तासात नव्हे

दुकाने दुपारी एकला बंद होतात, हे लक्षात घेऊन पणजीच्या पालिका बाजारातली खरेदी जेवणाआधी करा. काजू सालीसकट भाजलेले घेतले तर जुना माल पांढरा करून विकल्याची शंका राहत नाही. चव घेऊनच घ्या.

काय कुठल्या बॅगेत चालते, यावर सगळा घोळ होतो:

- काजू, सुकी सोले, बेबिंका आणि दोदोल हे गोड पदार्थ: हातातल्या बॅगेत चालतात.
- कोकमाचे आगळ, लोणची, ओल्या रेशाद मसाल्याची बाटली: चेक-इन सामानात.
- फेणी: विमानाने जाताना फक्त चेक-इन सामानात, कंपनीच्या सीलबंद बाटलीत. २४ ते ७० टक्के अल्कोहोलच्या दारूला माणशी ५ लिटरची मर्यादा आहे. गावठी, सुटी भरलेली बाटली चालत नाही.
- सुके खोबरे: चेक-इन सामानातही चालत नाही.

फक्त हातातली बॅग घेऊन एक तास वाचवलेल्यांनी फेणीचा नाद सोडावा, किंवा सुरक्षा तपासणीच्या पलीकडच्या दुकानातून घ्यावी. रेल्वेने किंवा रस्त्याने महाराष्ट्रात दारू नेणाऱ्यांना परवाना लागतो. दुकानदार ‘काही होत नाही’ म्हणाला तरी तपासणी नाक्यावर तो तुमच्याबरोबर नसतो.

## टप्पा १०: परत

फोनवर दोन गजर लावा. पहिला निघायच्या वेळेच्या वीस मिनिटे आधी (बिल, स्वच्छतागृह, टॅक्सीला फोन), दुसरा निघायच्या वेळेला. दुसरा वाजल्यावर नवी वास्तू, नवे दुकान, चहा काही नाही. विमान किंवा गाडी उशिरा असल्याचा निरोप आला तरी निघण्याची वेळ लगेच पुढे ढकलू नका. विमानाची सुधारित वेळ पुन्हा अलीकडे येऊ शकते, आणि काउंटर बऱ्याचदा मूळ वेळेनुसारच बंद होतो.

अडकलातच तर या क्रमाने वागा:

१. वेब चेक-इन राहिले असेल तर टॅक्सीतच करून टाका. देशांतर्गत विमानाला ते साधारण एक तास आधीपर्यंत चालू असते.

२. विमान कंपनीला फोन करून सांगा. विमान थांबणार नाही, पण पुढच्या विमानात जागा आहे का ते कळते.

३. हातात फक्त लहान बॅग असेल तर काउंटरच्या रांगेत न लागता सरळ सुरक्षा तपासणीकडे जा. बोर्डिंगचे दार बहुतेक कंपन्या सुटण्याच्या २५ मिनिटे आधी बंद करतात, म्हणजे काउंटर बंद झाल्यावरही थोडी वाट उरते. दाराशी असलेल्या जवानाला आणि कर्मचाऱ्याला सुटण्याची वेळ स्पष्ट सांगा.

४. उत्तरेकडची गाडी मडगावला चुकणार असे दिसले आणि तुम्ही अजून पणजीच्या आसपास असाल, तर गाडी करमळीला किंवा थिवीला थांबते का ते बघून टॅक्सी तिकडे वळवा. वाटेतूनच १३९ वर फोन करून गाडी कुठे आहे ते विचारा, आणि चढल्याबरोबर आपल्या डब्यात जाऊन टीसीला भेटा.